बेल होईपर्यंत

१

धाकट्याला काहीही विचारा, उत्तर एकच. "फाइन."

भाजी कशी झालीय? फाइन. नोकरी कशी चाललीय? फाइन. अंगात ताप आहे, डोळे लाल झालेत, डॉक्टरकडे जाऊ या का? फाइन. त्याचे वडील गेले त्या दिवशी कोणीतरी फोनवर घरच्यांची चौकशी केली, तर या पठ्ठ्याने "फाइन" म्हणून फोन ठेवला होता, आणि त्याच्या आईने, मोठ्या बाईंनी, ते अजून पोटात ठेवलं होतं. पोराला हाडाची काडं करून वाढवावं, कायद्याच्या कॉलेजात घालावं, त्याने ते मधेच सोडलं तरी लोकांना सांगू नये, आणि त्याने आईशी बोलायला एकच शब्द शिल्लक ठेवावा? तोही उसना?

"सरळ 'बरं आहे' म्हणताना त्याची जीभ झिजते का गं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"सवय आहे भावजींची. आणि फाइन म्हणजे तेच ना आई, बरं, ठीक."

"मग तुझ्या तक्त्यावर फाइनपुढे दंड का लिहिलंय?"

"दोन्ही अर्थ होतात."

"आणि ते सेंटेन्स? काल म्हणालीस वाक्य, आज म्हणतेस शिक्षा."

"तेही दोन्ही."

"एवढी शब्दांची टंचाई आहे तर ते लोक गप्प का बसत नाहीत?"

तक्ता लावला होता थोरल्या सुनेने. दुकान वकिलांचे काळे कोट शिवायचं, कोर्टाच्या पुढच्या फाटकासमोर, आणि दुकानाच्या डोक्यावर घर. मधे लाकडी जिना. थोरला कापडाच्या खरेदीसाठी कायम गावोगाव, म्हणून दुकान सासू-सून बघत. नवे वकील तोंड उघडलं की इंग्रजी बोलतात, आपल्या माणसांना निदान कळायला तरी हवं, असं सुनेचं म्हणणं. दुपारचे डबे झाले की ती पट्टी घेऊन उभी राहायची आणि सगळे एका सुरात म्हणायचे: थेफ्ट, चोरी. रॉबरी, जबरी चोरी. बर्गलरी, घरफोडी. इम्पर्सनेशन, तोतयेगिरी. हा शेवटचा शब्द म्हणताना मास्तरांची कवळी हलायची आणि मशीनवरचे कारागीर हसून घ्यायचे. मोठ्या बाई त्यात बसत नसत. अक्षरओळख झाली न झाली तोच त्यांना धाकटी भावंडं सांभाळायला शाळेतून काढलं होतं, आणि या वयात सुनेपुढे धडे म्हणायला त्या काही रिकाम्या नव्हत्या. त्या भिंतीकडे तोंड करून कापडाचे तुकडे लावत बसत. कान मात्र कोणाला वळवता येतात?

त्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि तयार कोटांच्या दांडीवर एक हँगर रिकामा होता.

त्यावरचा कोट मोठ्या वकिलांचा होता. कोट जुना, अस्तर नवं घालायला आलेला. कोटाहून मोलाची होती त्याची बटणं. शिंगाची, मधे करडी रेघ असलेली, त्यांच्या वडिलांच्या कोटावरून काढलेली. तशी आता मिळत नाहीत. मोठे वकील कोट न्यायला आले, रिकामा हँगर बघितला, आणि आवाज न चढवता बोलले. आवाज न चढवणारा माणूस मोठ्या बाईंना कधीच आवडला नव्हता.

"बेल व्हायच्या आत कोट मला हवा. नाहीतर मी इथून पोलीस चौकीत जाईन. तुमच्या दुकानातल्या चोराचं नाव तुम्हीच द्या, म्हणजे मला दुकानाचं नाव द्यावं लागणार नाही."

बेल म्हणजे संध्याकाळी कोर्ट सुटल्याची. घंटाच ती, पण सगळा रस्ता तिला बेल म्हणायचा. बेल झाली की फाटकं बंद, चहाची टपरी बंद, माणसं घरी.

मोठ्या बाईंचा हात नकळत कानाकडे गेला. कानात नवी फुलं होती. नवी म्हणजे घालायला नवी, घडण जुनी, भरीव सोन्याची. धाकट्याने गेल्याच आठवड्यात आणून दिली होती. एका वकिलाच्या ऑफिसात लागलो म्हणाला, पहिल्या कमाईची आहेत म्हणाला. एका फुलाच्या फिरकीला लाल दोरा गुंडाळलेला होता. "हा दोरा कसला रे?" तर म्हणे जुन्या घडणीचं असंच असतं. रस्त्यातल्या प्रत्येक बाईला त्यांनी मान वळवून-वळवून ती फुलं दाखवली होती.

जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून धाकटा बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता तो म्हणाला, "काल तर दुकान बंदच होतं. परवा सगळ्यांत शेवटी कोण गेलं? काजवालीच ना? हातात बोचकं होतं. मी वरच्या खिडकीतून बघितलं."

सगळ्यांच्या माना काजवालीकडे वळल्या.

२

काजवाली काजं करायची आणि बटणं लावायची. नवरा गेलेला, मुलगी शाळेत, भाऊ लांबच्या गावी. तिचं काज बघून वकील दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नसत. हे मोठ्या बाईंना माहीत होतं, आणि म्हणून त्यांनी ते तिला कधी सांगितलं नव्हतं.

"बोचकं आजही आहे ना बरोबर? उघड."

"नाही उघडणार."

मशीनं थांबली.

"काय आहे त्यात?"

"माझं आहे."

"उघडलंस तर संपलं की सगळं. तुलाच बरं."

"आज संपेल, मोठ्या बाई. उद्या एखादी कात्री सापडली नाही की परत उघडा. परवा दोऱ्याचं रीळ. मग रोज घरी जाताना मी दारात बसायचं आणि बोचकं सोडून दाखवायचं. आज उघडलं की ते कायमचं उघडं."

आपल्यासमोर कोणी असं ताठ उभं राहिलेलं मोठ्या बाईंना फार वर्षांत बघायला मिळालं नव्हतं. आवडलंच असतं, दुकानात दुसरं कोणी नसतं तर.

"मग बेल झाली की चौकीत उघड," त्या म्हणाल्या. "तिथे विचारून उघडत नाहीत."

काजवाली आपल्या जागेवर जाऊन बसली. सुईत दोरा ओवू लागली, तर दोरा काही जाईना. चौकीत एकदा नाव गेलेल्या बाईला या रस्त्यावर कोण सुई देणार होतं?

मोठ्या बाई तक्त्याकडे पाठ करून बसल्या आणि मनातल्या मनात तक्ताच म्हणू लागल्या. कुलूप जागच्या जागी, कडी-कोयंडा शाबूत, म्हणजे बर्गलरी नाही. कोणाला मारलं-झोडलं नाही, म्हणजे रॉबरी नाही. उरली थेफ्ट. थेफ्ट करणारा भिंत फोडून येत नाही. तो चपला काढून आत येतो, आपल्याच माणसासारखा.

त्यांनी आधी मास्तरांना बोलावलं. मास्तर बेतणारे. मोठ्या वकिलांशी त्यांचं हाडवैर. बाही एवढीशी आखूड झाली म्हणून वकिलांनी चारचौघांत त्यांना "खाटीक" म्हटलं होतं.

"तुम्ही म्हणाला होतात ना, यांचा कोट एक दिवस कुत्र्याखाली अंथरीन?"

"म्हणालो होतो. पण आमच्याकडे कुत्रा कुठे आहे?" मास्तर कवळी सावरत म्हणाले. मग आवाज खाली आणला. "मोठ्या बाई, एक सांगू? रागावू नका. बरेच दिवस झाले, मी तयार कोट बटणं सोडून टांगतो, दांडीवर एवढे असतात की एखादा दिवसभर नसला तरी कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्या कोटाचं वरचं बटण लावलेलं असतं. एकदा कॉलरला तेलाचा वास होता. मला वाटलं, माझंच वय झालं."

"कोणीतरी घालतं म्हणता?"

"घालतं आणि परत आणून टांगतं. या खेपेला परत आणलं नाही, एवढाच फरक."

मोठ्या बाईंना हे बोलणं रुचलं नाही, पण डोक्यातून गेलंही नाही. चोर कोट नेतो आणि परत आणून ठेवतो? काजवालीला वकिलाचा कोट घालून कुठे मिरवायचं होतं?

मग सून. तिने बोलायच्या आधी जिन्याकडे एकदा बघितलं.

"काल गल्लीतली वीज दुरुस्तीला बंद होती म्हणून आपण दुकान उघडलं नाही. कुलूप बाहेरून होतं. आत यायचं तर फक्त घरातून, जिन्याने. भावजी रोज सकाळी लवकर जातात ना, दुकानातल्या मागच्या दाराने... त्यांच्याकडून ते दार उघडं राहिलं असेल का?"

"त्याला मधे आणू नकोस."

"मी फक्त दाराचं म्हणाले, आई."

"दाराचंच म्हण मग. नोकरी करतो तो, कमवून आणतो. तुझ्या नवऱ्याने कधी कानात घालायला काडी तरी आणली का मला?"

सुनेने पुढचं काहीतरी गिळलं, हे सासूला कळलं. विचारायचं मात्र सासूने टाळलं.

तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. पायात एकच चप्पल. मूठ घट्ट मिटलेली.

"काळे कोट इथेच शिवतात ना?" तिने विचारलं आणि मूठ उघडली.

तळहातावर शिंगाचं बटण होतं. मधे करडी रेघ.

३

"ते कुठून आणलंस?" मोठ्या बाई उभ्या राहिल्या.

म्हातारी दचकली. मूठ परत मिटली. "मी चोरलं नाही, मालकीणबाई. हातात आलं. कोर्टातला शिपाई म्हणाला, वकिलांच्या कोटांना बटणं समोरच्या दुकानात लावतात, तिथे विचार हे कोणाचं. मला त्या वकीलसाहेबांना भेटायचंय."

सुनेने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. म्हातारीने पाणी पीत-पीत दुकान बघितलं, माणसं बघितली, आणि मोठ्या बाईंकडे बघताना तिचे डोळे एका जागी अडकल्यासारखे झाले. मग तिने पटकन मान खाली घातली.

तिची गोष्ट तुकड्या-तुकड्यांनी बाहेर आली. तिचा मुलगा आत होता. मालकाची सायकल नेली असा आळ. कोर्टाच्या मागच्या फाटकाशी ती रडत बसली होती, तर एक वकीलसाहेब आपणहून जवळ आले. तरुण, गोड बोलणारे, काळा कोट, गळ्यात पांढरी पट्टी. म्हणाले, मी बघतो.

"मागच्या फाटकाशी? पुढे का नाही?" सुनेने विचारलं.

"मी म्हणायची, साहेब, पुढच्या फाटकाशी सावली आहे, तिथे थांबते. तर म्हणायचे, पुढे नको. पुढे कधीच यायचे नाहीत."

पुढच्या फाटकासमोर काय होतं? हे दुकान. मोठ्या बाई परत आपल्या जागेवर बसल्या.

"मग परवा म्हणाले, आज बेल होईल. बेल झाली की तुझा पोरगा सुटला. मी फाटकाशी बसून राहिले. सकाळपासून. पाणी प्यायलाही उठले नाही, म्हटलं आपण उठायचो आणि बेल व्हायची. संध्याकाळी झाली. स्वतःच्या कानांनी ऐकली, चांगली मोठी झाली. सगळे लोक घरी निघाले. मी पोराचा धुतलेला शर्ट घेऊन तुरुंगाच्या दाराशी गेले. म्हटलं, बेल झालीय, सोडा त्याला."

एक कारागीर फिस्सकन हसला. मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं तसं ते हसू त्याच्या तोंडातच मेलं.

"बेल म्हणजे जामीन गं आजी," सून हळू म्हणाली. "ती घंटा नव्हे."

"हो, तिथल्या शिपायाने सांगितलं. हसून-हसून सांगितलं. त्याने अजून दोघांना बोलावलं, त्यांना परत सांगायला लावलं मला." म्हातारीने नाक पुसलं. "म्हणून काल साहेबांना धरलं. म्हटलं, जामीन कुठेय? ते जायला लागले. मी कोट पकडला. त्यांनी हिसका दिला, मी पडले, चप्पल गेली. बटण राहिलं हातात."

तिने मूठ पुन्हा उघडली. बटणाला काळ्या कापडाचा तुकडा तसाच चिकटून होता. कापड फाटलं होतं, टाका सुटला नव्हता. काजवालीने लांबूनच तो टाका बघितला आणि खाली मान घातली. तिचाच होता.

"त्याचं नाव काय?" मोठ्या बाईंचा आवाज त्यांनाच परका वाटला.

"नाव कोण सांगतं आम्हाला? दिसायला चांगले. बोलायचे फार थोडं. मी विचारायची, साहेब, पोरगा सुटेल ना? ते म्हणायचे, फाइन. मी विचारायची, उद्या येऊ ना? फाइन. मला काय कळतंय. शेजारणीची नात शाळेत जाते, तिने पुस्तकात बघून सांगितलं, फाइन म्हणजे दंड. मग मी दंड आणून द्यायची."

आता कोणीच हसलं नाही.

"किती वेळा दिलास?" सुनेने विचारलं.

"जितक्या वेळा म्हणाले तितक्या वेळा. आधी घरात होतं ते दिलं. मग पितळेचा हंडा. मग हातातलं चांदीचं कडं. साहेब नको म्हणायचे नाहीत. एकदा तर माझ्या तोंडाकडे बघून हसले, म्हणाले, आजी, तू फाइन आहेस. मी घाबरले. म्हटलं, अजून काहीतरी द्यावं लागणार."

"आणि शेवटी? शेवटी काय दिलंस?" हे मोठ्या बाईंनी विचारलं. उत्तर ठाऊक असलेला प्रश्न विचारायला किती दम लागतो, ते त्यांना त्या दिवशी कळलं.

म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत नव्हती. त्यांच्या कानांकडे बघत होती.

"जाऊ द्या ना, मालकीणबाई," ती म्हणाली. "तुम्हाला शोभतायत."

४

मोठ्या बाईंनी कान झाकले नाहीत.

"एका फिरकीला काय होतं?"

"फिरकी सैल होती. आईची होती माझ्या. मी लाल दोरा गुंडाळला होता."

मास्तर खडूकडे बघत होते, सून जिन्याकडे. सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळे मोठ्या बाईंनी बोलायची वाट बघत होते. आजवर या दुकानात पहिला शब्द त्यांचाच असायचा.

"पडद्यामागे बस," मोठ्या बाई म्हातारीला म्हणाल्या. कोपऱ्यात कोट घालून बघायची जागा होती, आरसा आणि पडदा. "आवाज ऐकशील तेवढा ऐक. ओळखीचा वाटला तर सांग. नाही वाटला तर तोंडातून अक्षर काढू नकोस. मीही काढणार नाही."

अजूनही त्यांना वाटत होतं की नाही वाटणार. फाइन म्हणणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. लाल दोरा कोणाच्या घरात नसतो? मागच्या फाटकाशी सगळेच उभे राहतात. आई नावाच्या माणसाचं डोकं किती आडवाटा काढतं, ते त्यांना स्वतःलाच दिसत होतं, आणि दिसूनही ते वाटा काढतच होतं.

ऊन उतरलं. बेल व्हायला थोडाच वेळ राहिला तसा धाकटा आला. दुकानातून, मागच्या दाराने. केस विंचरलेले, तेलाचा वास. या वासावर त्या आजवर खूश होत्या.

"सापडला का कोट?" त्याने जिन्याच्या कठड्यावर हात ठेवत विचारलं.

"नाही रे. तूच सांग आता, काय करू? ही बोचकं उघडत नाही. वकील यायची वेळ झाली. हिचं नाव देऊन टाकू का चौकीत?"

काजवालीची सुई थांबली.

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे बघितलं. एकदा तरी नाही म्हण. तिची मुलगी शाळेत जाते म्हण. थांब म्हण, बघू म्हण. तुझ्याकडे दुसरा एखादा शब्द असेल तर आज काढ.

धाकट्याने खांदे उडवले.

"फाइन," तो म्हणाला.

पडद्यामागून म्हातारीचा आवाज आला. घाबरलेला, विनवणीचा.

"साहेब, आता द्यायला काही नाही हो राहिलं!"

५

तो पळाला नाही. पळायला चेहऱ्यावर थोडी तरी लाज लागते. तो जिन्याच्या पायरीवर बसला, सकाळी बसला होता तसाच.

"आई, ही बाई कोण आहे मला माहीत नाही."

"तुला तिच्या आईची फुलं माहीत आहेत," मोठ्या बाई म्हणाल्या. "ऐक. मास्तर कोट बटणं सोडून टांगतात. सकाळी वरचं बटण लावलेलं असतं, कॉलरला तुझं तेल असतं. काल दुकान बाहेरून बंद होतं. आत फक्त घरातला माणूस येऊ शकत होता, जिन्याने. काल ज्याने हा कोट घातला, त्याचं बटण काल तुटलं, म्हणून कोट परत आला नाही. ज्याने घातला तो कोर्टाच्या पुढच्या फाटकाशी कधी येत नाही, कारण समोर मी बसलेली असते. काजवाली परवा गेली, तेव्हा तिच्या बोचक्यात काहीही असो, कोट नव्हता. आणि हे सगळं तुला ठाऊक असताना, सकाळी सगळ्यांच्या आधी तिच्याकडे बोट कोणी दाखवलं? कोट कुठे आहे?"

सून वर गेली, माळ्यावर काहीतरी हलल्याचा आवाज झाला, आणि ती कोट घेऊन खाली आली. छातीवर फाटलेलं भोक होतं. काजवाली उठली, म्हातारीच्या तळहातावरचं बटण घेतलं आणि कापडाचा तुकडा त्या भोकाला लावून बघितला. बसला.

मग कोणी न सांगता ती आपल्या जागेवर गेली, बोचकं उचललं आणि मधल्या टेबलावर सोडलं. रिकामा डबा. तळ सुटलेली एक लहान चप्पल, दुरुस्तीला न्यायची. बास.

"बघून घ्या," ती म्हणाली. "उद्यापासून उघडायची वेळ येणार नाही. मी येणार नाही."

"माझं ऐक..."

"सकाळी तुम्ही माझं ऐकलंत का, मोठ्या बाई?"

माफी मागायची मोठ्या बाईंना सवय नव्हती, आणि आज पहिल्यांदाच त्या सवयीवाचून अडलं होतं. त्यांनी कानातली फुलं काढली. लाल दोरा निघता निघेना, तो त्यांनी तोडला नाही, उलगडला. दोन्ही फुलं म्हातारीच्या हातात ठेवली. म्हातारी ती घेईना, तिला वाटलं यातही काही दंड असेल. शेवटी सुनेने तिची मूठ मिटली.

दारात मोठे वकील उभे होते. किती वेळ उभे होते कोण जाणे. त्यांनी कोट बघितला, बटण बघितलं, धाकट्याकडे बघितलं, आणि नेहमीसारखाच आवाज न चढवता म्हणाले, "जाऊ द्या, मोठ्या बाई. मुलगा तुमचा आहे, त्याला चौकी कशाला दाखवायची? कोट मिळाला, विषय संपला."

"सकाळी काजवाली होती तेव्हा विषय संपला नव्हता."

वकिलांनी चष्मा काढून पुसला.

"तुमचा कोट मी स्वतः रफू करून देते," मोठ्या बाई म्हणाल्या. "या बाईचा पोरगा आत आहे. त्याच्या जामिनाचं तुम्ही बघा. खरे वकील आहात ना?"

"बघू," वकील म्हणाले.

"बघू नका. करा."

धाकटा उठला होता. आईजवळ आला, आवाज अगदी मऊ केला. लहानपणी काही हवं असलं की असाच आवाज काढायचा. "आई, घरातलं घरातच मिटवू. सगळ्यांचं परत करतो. तिचा हंडा, कडं, सगळं. तू म्हणशील ते."

मोठ्या बाईंनी त्याच्याकडे वर बघितलं. पोरगा उंच होता. त्याच्या मापाचा काळा कोट शिवायचं त्यांनी किती वर्षं मनात ठेवलं होतं, ते त्याला कधीच सांगितलं नव्हतं. कापडसुद्धा काढून ठेवलं होतं. आता सांगून उपयोग नव्हता.

"मी म्हणेन ते?" त्या म्हणाल्या. "मग ऐक. इंग्रजीत वाक्याला आणि शिक्षेला एकच शब्द आहे, तुझ्या वहिनीने सांगितलंय. तेव्हा मी त्याला हसले, पण शब्द चांगला आहे. तुझं वाक्य मी ठरवलंय. लहान आहे, पाठ होईल. 'कोट मी चोरला, म्हातारीला मी लुबाडलं, आणि नाव हिचं घेतलं.' आधी काजवालीसमोर म्हण. मान वर करून म्हण. मग या म्हातारीसमोर. मग रस्ता ओलांडायचा, पुढच्या फाटकावरून जायचं, सगळ्यांना दिसेल असं, आणि चौकीत जाऊन म्हणायचं. मी बरोबर येते, वाटेत विसरलास तर आठवण करून द्यायला. मधे कोणी काही विचारलं तर तुझं ते 'फाइन' तोंडातून काढायचं नाही."

"आई, ते मला आत टाकतील. जामिनाला तरी..."

समोर कोर्टाची बेल झाली. चांगली मोठी झाली. फाटकातून माणसं बाहेर पडू लागली, टपरीवाल्याने फळी उचलली.

"झाली बघ तुझी बेल," मोठ्या बाई म्हणाल्या. "रोज या वेळेला होते, आणि ती झाली की माणसं आपापल्या घरी जातात. तिथून मला जामिनाचा निरोप पाठवू नकोस. तू तिथे बसून ऐक, मी इथे बसून ऐकेन. चल, म्हण वाक्य."